कोरड्या जिल्ह्यातून दिसणारी सौम्य बिअर

गिरड (जि. वर्धा) : समुद्रपूर तालुक्यातील गिरडची टेकडी ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्यासाठी विदर्भभर परिचित आहे. हिंदू आणि मुसलमान, दोन्ही समाजांचे भाविक येथे नवस फेडायला येतात. टेकडीवर सापडणारे जायफळासारखे गोल दगड ही येथील दुसरी खूण. बाबांची थट्टा करणाऱ्या एका व्यापाऱ्याचा सगळा माल त्यांच्या शब्दासरशी दगड झाला, अशी आख्यायिका सांगितली जाते. काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तयार होणाऱ्या झिओलाइट खनिजांचे हे गोळे आहेत, असे भूगर्भशास्त्र सांगते. दोन्ही कथा गावात सुखाने एकत्र नांदतात. वर्धा शहरापासून सुमारे साठ किलोमीटरवरच्या या गावात चहा मिळतो, प्रसादाचे नारळ-साखर मिळते. परवानाप्राप्त मद्य मात्र मिळत नाही. सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात आहेत, तो वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदीचा जिल्हा आहे.

अशा गावाच्या संदर्भात परवडणारी, गडद रंगाची, सौम्य बिअर कशी चाखावी आणि तिचे मोल कसे ठरवावे, हा विषय काढणे म्हणजे उपवासाच्या दिवशी पंगतीची चर्चा करण्यासारखे आहे. तथापि राज्याच्या मद्यविषयक धोरणात कोणती गाठ बसली आहे, हे पुण्या-मुंबईच्या उपाहारगृहापेक्षा गिरडसारख्या ठिकाणाहून अधिक स्पष्ट दिसते. चव, किंमत आणि तीव्रता या तीन गोष्टींपैकी आपले राज्य नेमकी कशावर कर घेते आणि कशावर बंदी घालते, हा तो प्रश्न आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले आणि बिअरला त्यातून वगळले, तेव्हापासून तो नव्याने पुढे आला आहे.

प्रथम त्या बिअरविषयी. इंग्रजीत 'डार्क माईल्ड' या नावाने ओळखली जाणारी बिअर इंग्लंडच्या मध्यभागातील, बर्मिंगहॅमच्या परिसरातील कोळसा खाणी आणि ओतकामाच्या कारखान्यांतील कामगारांची. दिवसभर भट्टीपुढे घाम गाळलेल्या माणसाला तहान भागवायची असे, अंगात थोडी साखर जावी अशी गरज असे, आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर वेळेत हजर व्हायचे असे. त्यामुळे ही बिअर पातळ, किंचित गोडसर आणि साधारणतः ३ ते ३.८ टक्के मद्यार्काची असते. 'माईल्ड' या शब्दाचा मूळ अर्थ मात्र सौम्य असा नव्हता. पिंपात महिनोन्महिने मुरवून आंबूस झालेल्या बिअरच्या तुलनेत जी ताजी, ती माईल्ड. एकोणिसाव्या शतकात चांगली कडक माईल्डही मिळत असे. तिला आजचे रूप दिले ते पहिल्या महायुद्धातील धान्यटंचाईने आणि करवाढीने.

तिचा रंग गडद तपकिरी ते जवळजवळ काळा असतो. पेला उजेडासमोर धरला की कडेला माणकासारखी लाल झाक दिसते. आपल्याकडे काळा रंग म्हणजे जास्त कडक असा एक समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. जव भिजवून, मोड आणून, वाळवून माल्ट करतात. त्यातला काही भाग अधिक भाजला की रंग गडद होतो. रव्याचा लाडू बदामी होणे किंवा करपणे हे जसे आचेवर अवलंबून असते, तसेच हे. मद्यार्क ठरतो तो त्या द्रावात आंबण्याजोगी साखर किती होती यावर. त्यामुळे ३.३ टक्क्यांची बिअर कोळशासारखी काळी असू शकते आणि ८ टक्क्यांची गव्हाच्या काडीसारखी पिवळी. महाराष्ट्रातील बिअर शॉपीमध्ये हा दुसराच प्रकार सर्वाधिक खपतो.

चाखण्याची रीत

या बिअरचे मूल्यमापन करण्यासाठी फार मोठे शास्त्र लागत नाही. मराठी स्वयंपाकघरातील शब्दसंपदा पुरेशी आहे. पेला आधी नाकाशी न्यावा. भाजणी परतताना येतो तसा खरपूस वास हवा. त्यामागे काकवीची, क्वचित खजुराची छटा असते. करपलेला वास दोषाचा. पहिला घोट जिभेवर थोडा थांबवावा. गोडी जाणवावी, पण सरबतासारखी चिकट नव्हे. हॉप नावाच्या फुलांमुळे येणारा कडूपणा येथे अगदी कमी असतो, मेथीच्या भाजीपेक्षा लाल माठाच्या जवळचा. घोट गिळल्यावर घसा कोरडा पडू नये आणि मद्यार्काची उष्णता छातीत जाणवू नये. ती जाणवली तर बिअर माईल्ड नाही, किंवा आंबवण्याची क्रिया घाईने उरकलेली आहे. बुडबुडे मोजके असावेत. चांगल्या माईल्डची खरी कसोटी दुसऱ्या पेल्यात लागते. पहिल्या पेल्यात अनेक बिअर बऱ्या लागतात. दुसऱ्यातही कंटाळा न आणणारी आणि तिसऱ्याचा आग्रह न धरणारी ती चांगली.

एक अडचण तापमानाची. ही बिअर दहा ते तेरा अंश सेल्सिअसला प्यायची असते. बर्फासारखी थंड केली की भाजणीचा वासही जातो आणि गोडीही दबते. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा तेरा अंशांचा पेला किती मिनिटे तेरा अंशांवर राहील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आपल्याकडे बिअर 'चिल्ड' हवी असा जो आग्रह असतो, त्याला हवामान कारण आहेच. परंतु अतिथंड द्रवाची चव कळत नाही, आणि बाजारातील पुष्कळशा स्ट्राँग बिअरच्या दृष्टीने ही सोयीची गोष्ट आहे, हेही नमूद केले पाहिजे.

अशी बिअर महाराष्ट्रात मिळते का? मोठ्या कारखान्यांतून नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि परिसरातील औद्योगिक वसाहतींत देशातील अनेक बड्या बिअर कंपन्यांचे उत्पादन होते. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला, तेव्हा या उद्योगाचा आकार राज्याला प्रथमच नीट कळला. तेथून बाहेर पडणारी बिअर प्रामुख्याने फिकट रंगाची लागर असते. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' सुरू झाल्यापासून छोट्या ब्रुअरींची एक पिढी उभी राहिली. २०१४ मध्ये मुंढव्यात 'इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी' आली, पुढे आणखी काही. तेथे गडद बिअर अधूनमधून मिळतात, त्या चांगल्याही असतात. पण एका पेल्याला काही शे रुपये मोजावे लागतात. इंग्लंडच्या खाणकामगाराचे पेय कोरेगाव पार्कमध्ये येईपर्यंत साहेबाचे होते. परवडणारी ही अट तेथेच निकालात निघते.

आपली 'माईल्ड'

आपल्या कायद्यात 'माईल्ड' हा शब्द आहे, पण तो चवीचा नसून खणाचा आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मद्यपेयांविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार ५ टक्क्यांपर्यंतची बिअर सौम्य आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. राज्याचे उत्पादन शुल्कही साधारण याच दोन खणांत विभागलेले आहे. म्हणजे ४.९ टक्क्यांची बिअर आणि ३.३ टक्क्यांची बिअर सरकारच्या लेखी एकच. मद्यार्क आणखी कमी केल्याबद्दल उत्पादकाला कसलीही सवलत नाही. दुसरीकडे खण ५ टक्क्यांवर ओलांडलाच, तर मग थेट आठपर्यंत जाण्यात शहाणपण आहे. देशात विकल्या जाणाऱ्या बिअरपैकी सुमारे चार-पंचमांश बिअर स्ट्राँग आहे, यात त्यामुळे आश्चर्य नाही.

ग्राहकाचा हिशेब त्याहून सरळ आहे. ६५० मिलिलिटरच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीत ८ टक्के दराने ५२ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. ५ टक्क्यांच्या बाटलीत साडेबत्तीस. आपल्या काळ्या माईल्डचे ३.५ टक्के धरले, तर जेमतेम पावणेतेवीस. याउलट १८० मिलिलिटरच्या पव्व्यात, तीव्रता नेहमीची ४२.८ टक्के धरली तर, ७७ मिलिलिटर. जून २०२५ च्या निर्णयानुसार देशी दारूच्या १८० मिलिलिटर बाटलीची किमान किंमत ८० रुपये, नव्याने निर्माण केलेल्या 'महाराष्ट्र मेड लिकर' या प्रकाराची १४८ रुपये, आणि विदेशी मद्याची २०५ रुपये ठरली. आता मद्यार्काच्या प्रत्येक मिलिलिटरला समान दाम लावून पाहावा. देशी दारूच्या किमान किमतीशी बरोबरी करायची, तर काळ्या माईल्डची मोठी बाटली सुमारे २४ रुपयांना विकावी लागेल. २०५ रुपयांच्या विदेशी पव्व्याशी बरोबरी करायची, तर ६० रुपयांना. बाटली, बूच, वाहतूक आणि विक्रेत्याचा नफा यांतच हे पैसे संपतील.

म्हणून परवडणारी सौम्य बिअर बाजारात नाही याचे कारण मराठी माणसाची जीभ नव्हे. 'आमच्याकडे कडकच लागते' असे विक्रेते सांगतात आणि कंपन्यांचे अधिकारीही. परंतु ज्याच्या खिशात शंभर रुपये आहेत आणि ज्याला त्यात विसर पडेपर्यंत प्यायचे आहे, त्याला सरकारच्याच दरपत्रकाने देशी दारूकडे पाठवले आहे. त्याला आवड म्हणणे हा शब्दांचा खेळ झाला.

हा मुद्दा सरकारला ठाऊक नाही असे नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य उत्पादन शुल्क विभागाने अप्पर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. मद्यार्काच्या प्रमाणात पाहता बिअरवरील शुल्क कडक मद्यापेक्षा जास्त पडते, त्यामुळे ग्राहक बिअर सोडून तिकडे वळतात आणि महसूलही घटतो, अशी उद्योगाची तक्रार त्यामागे होती. तक्रार करणाऱ्याचा स्वार्थ उघड आहे, पण गणित खोटे नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून परमिट रूममधील मद्यावरील मूल्यवर्धित कर पाचवरून दहा टक्के झाला. जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचे शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झाले, देशी दारूवरील शुल्क प्रति प्रूफ लिटर १८० वरून २०५ रुपये झाले. या साऱ्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज सरकारने मांडला. १४ जुलै २०२५ रोजी बारमालकांनी एक दिवसाचा बंद पाळला. चर्चा सगळी महसुलाची झाली. बिअर व वाईन वगळल्या गेल्या, परंतु सौम्य पेय का वगळायचे आणि त्यातही किती सौम्य, याविषयी धोरण म्हणून काही मांडले गेले नाही. वगळणे आणि ठरवणे यांत फरक असतो.

पेटीचे गणित

पुन्हा गिरडकडे वळू. गावाच्या ईशान्येला नागपूर जिल्ह्यातील उमरेड-भिवापूरचा भाग, आग्नेयेला चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर तालुका. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ रोजी दारूबंदी लागू झाली, तेव्हा वर्धा, चंद्रपूर आणि १९९३ पासून दारूबंदी असलेला गडचिरोली असा सलग कोरडा पट्टा तयार झाला होता. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवली आणि त्या जुलैत तेथील दुकाने उघडली. गिरडच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की परवानाप्राप्त दुकान आता एकाऐवजी दोन बाजूंनी जवळ आले. सीमेवरच्या गावाला बंदीचा कायदा कळतो तो असा, अंतराच्या भाषेत.

बंदी असलेल्या जिल्ह्यात माल चोरून नेणारा माणूस चवीचा विचार करीत नाही, जागेचा करतो. पव्व्यांच्या एका पेटीत ४८ बाटल्या असतात. शुद्ध मद्यार्क सुमारे ३.७ लिटर. बिअरच्या पेटीत १२ मोठ्या बाटल्या. स्ट्राँग असेल तर मद्यार्क सव्वासहाशे मिलिलिटर, काळी माईल्ड असेल तर पावणेतीनशेच्या आत. दोन्ही पेट्या दुचाकीवर जवळपास तेवढीच जागा घेतात आणि पकडले गेल्यास गुन्हाही सारखाच, महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या त्याच ६५ (ई) कलमाखाली. जोखीम तेवढीच असताना सहापट, तेरापट मद्यार्क ज्या पेटीत आहे तीच पेटी कोणीही उचलेल. शिवाय बिअर थंड करायला बर्फ लागतो, लपवायला जागा लागते, आणि रिकाम्या बाटल्यांचा ढीग चुगली करतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी बंदी होती, तेव्हाही नेमके हेच घडले. बिअर मागे पडली, जिन आणि व्हिस्की पुढे आल्या. बंदी जितकी कठोर तितके पेय कडक, असा नियमच पुढे अभ्यासकांनी मांडला.

त्याहून स्वस्त पर्याय अर्थातच गावाबाहेरच्या नाल्याकाठी तयार होतो. मोहफुले किंवा गूळ, नवसागर, लोखंडी ड्रम, जळण. पोलीस 'वॉश आऊट' मोहीम काढतात, इतके लिटर मोहाचा सडवा नष्ट केल्याची बातमी येते, आठवड्याभरात नाल्याकाठी पुन्हा धूर दिसतो. जिल्ह्याच्या पानांवर ही बातमी इतकी नेहमीची झाली आहे, की तीत गावाचे नाव तेवढे बदलावे लागते. मोहफुलाचा स्वतःचा दोष काही नाही. जपून गाळलेल्या मोहाच्या दारूला सुगंध असतो, आणि मध्य प्रदेशने तर तिला वारसा मद्याचा दर्जा देऊन विक्रीची वाट मोकळी केली. चोरून, घाईने, रात्रीत गाळलेल्या दारूत मात्र काय उतरले आहे हे गाळणाऱ्यालाही माहीत नसते. मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे मेली. मुंबईत बंदी नव्हती. तेथेही मरणारे ते होते, ज्यांना परवानाप्राप्त दुकानातली सर्वांत स्वस्त बाटलीही महाग होती.

तेव्हा दारूबंदी आणि महसुली धोरण ही परस्परविरुद्ध टोके मानली जात असली, तरी एका बाबतीत दोघांचे काम एकच होते. दोन्ही व्यवस्था पिणाऱ्याला कडक पेयाकडे ढकलतात. एक किमतीने, दुसरी जोखमीने.

बायकांचा प्रश्न

या युक्तिवादावर वर्धा जिल्ह्यातील बचत गटात बसलेली कोणतीही बाई एक साधा प्रश्न विचारेल: म्हणजे आता बिअर स्वस्त करायची? हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. महाराष्ट्रात दारूविरोधी चळवळ बायकांनी उभी केली आहे. उभी बाटली आणि आडवी बाटली या मतदानाने अनेक गावांतील दुकाने त्यांनीच बंद पाडली. चंद्रपूरच्या बंदीमागेही महिलांचे मोर्चे होते. मजुरी घरी येण्याआधी संपणे म्हणजे काय, हे त्यांना आकडेवारीवाचून कळते. त्यांच्या अनुभवात सौम्य हा शब्द विश्वासार्ह नाही. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय झाला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे, असे सांगणारे पुष्कळ निघाले. विरोधानंतर तो निर्णय अमलात आला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की मद्याचे आरोग्याला सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही. काळी माईल्डही याला अपवाद नाही. साडेतीन टक्क्यांच्या चार बाटल्या प्यायल्या, तर पव्व्याहून अधिक मद्यार्क पोटात जातोच. राज्यात बिअर पिण्याचे किमान वय २१ आणि कडक मद्याचे २५ आहे. स्वस्त बिअर ही विशीतल्या मुलांसाठी पहिली पायरी ठरेल ही भीतीही पोकळ नाही.

तरीही प्रश्नाची मांडणी दुरुस्त करावी लागेल. स्वस्त काय करायचे यापेक्षा महाग कशाप्रमाणे करायचे, हा खरा मुद्दा आहे. स्कॉटलंडने १ मे २०१८ पासून मद्यार्काच्या प्रत्येक एककाला, म्हणजे दहा मिलिलिटरला, किमान पन्नास पेन्स किंमत बांधून दिली आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून ती पासष्ट पेन्सवर नेली. बाटलीत काय आहे याच्याशी कायद्याला देणेघेणे नाही. किती मद्यार्क आहे, तेवढाच प्रश्न. ब्रिटनने ऑगस्ट २०२३ पासून करही सर्वत्र मद्यार्काच्या प्रमाणात लावला आणि ३.५ टक्क्यांखालील पेयांना बराच कमी दर ठेवला. परिणाम असा झाला, की अनेक बिअर कंपन्यांनी आपापल्या बिअरची तीव्रता ३.४ टक्क्यांवर आणली. कोणी व्याख्यान दिले नाही, प्रभातफेरी काढली नाही. खणाची सीमा जेथे आखली, तेथे माल येऊन थांबला. आपल्याकडे ती सीमा पाच आणि आठवर आखलेली आहे, आणि माल तेथे येऊन थांबलेलाच आहे.

गंमत अशी, की ज्या मध्य इंग्लंडातून माईल्ड आली, तेथेही ती आता दुर्मीळ आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात पिंपातून विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये तिचा वाटा मोठा होता. खाणी आणि भट्ट्या बंद पडल्या, चकचकीत जाहिरातींसह लागर आली, आणि म्हाताऱ्यांचे पेय म्हणून माईल्ड मागे पडली. १९७१ मध्ये स्थापन झालेली ग्राहकांची संघटना मे महिना माईल्डचा महिना म्हणून पाळण्याचे आवाहन करते. त्या संघटनेच्या स्पर्धेत २००७ मध्ये देशातील सर्वोत्तम बिअरचा मान श्रॉपशरमधील हॉब्सन्सच्या ३.२ टक्क्यांच्या माईल्डला मिळाला होता. चव आणि तीव्रता यांचा संबंध लावणाऱ्यांनी हा निकाल जरूर लक्षात घ्यावा. कर सवलत मिळूनही माईल्ड पुन्हा लोकप्रिय झाली, असे मात्र नाही. करातून माणसाच्या हातातला पेला बदलतो, त्याची हौस बदलेलच असे नाही.

इंग्लंडातलाच आणखी एक प्रयोग आपल्या चर्चेत क्वचित येतो. १९१६ मध्ये, युद्धसामग्रीच्या कारखान्यांजवळील कार्लाइल परिसरात सरकारने बिअरचे कारखाने आणि गुत्ते थेट ताब्यात घेतले. बंदी घातली नाही. विक्री सुरू ठेवली, पण गुत्ता चालवणाऱ्याला खप वाढवण्यात काही लाभ राहिला नाही. उलट जेवण विकण्यास उत्तेजन दिले गेले. ही व्यवस्था १९७३ पर्यंत टिकली. महाराष्ट्रात उत्पादन शुल्क विभागाकडे वसुलीचे उद्दिष्ट असते, आणि दारूबंदीची अंमलबजावणीही त्याच विभागाकडे असते. एकाच कार्यालयात दोन फळे, एकावर वसुलीचे आकडे आणि दुसऱ्यावर जप्तीचे. वर्ध्याच्या कार्यालयात पहिला फळा लहान आणि दुसरा मोठा, एवढाच काय तो फरक.

सेवाग्रामच्या जिल्ह्यातील बंदी उठवावी, असा या साऱ्याचा निष्कर्ष निघत नाही. त्या बंदीमागे केवळ आरोग्याचे गणित नाही, एक स्मृती आहे. ती मोडण्याचे धाडस कोणताही पक्ष करणार नाही आणि ती मोडून लगेच कोणाचे भले होईल याचा पुरावाही नाही. चंद्रपूरमध्ये दुकाने उघडल्याने तेथील मजुराच्या हातातली बाटली सौम्य झाली, असे कोणी म्हणू शकणार नाही. करता येण्याजोगे आहे ते उरलेल्या महाराष्ट्रात, उमरेड आणि चिमूरच्या दुकानांत. पाच टक्क्यांखाली आणखी एक खण काढावा, साडेतीन टक्क्यांपर्यंतचा. त्यावरचे शुल्क खाली आणताना देशी-विदेशी सर्व मद्यांच्या किमान किमती मद्यार्काच्या मिलिलिटरवर बांधाव्यात, म्हणजे सौम्य पेय स्वस्त होणे आणि कडक पेय महाग होणे या गोष्टी एकाच शासन निर्णयात घडतील. नुसता पहिला भाग केला तर तो बिअर कंपन्यांना दिलेला नजराणा ठरेल, आणि बचत गटातल्या बाईचा संशय खरा ठरेल.

दुसरा भाग अवघड आहे, कारण देशी दारू महाग करणे म्हणजे राजकीयदृष्ट्या साखर कारखान्यांच्या मळीला हात लावणे. धान्याधारित 'महाराष्ट्र मेड लिकर'लाही आता नवे हितसंबंध चिकटले आहेत. शिवाय देशी दारू महाग झाली की हातभट्टीचा धूर वाढेल, हा आक्षेप आहेच आणि तो खराही आहे. किमान किंमत वाढवणाऱ्या सरकारला नाल्याकाठची गस्तही वाढवावी लागेल. काळ्या माईल्डच्या मागे असा कोणताही साखर कारखाना उभा नाही. तिचा एखादा पेला पुण्याच्या ब्रुअरीत कोणी हौसेने काढेलही, त्याला भाजणीचा वास येईल, चाखणारे मान डोलावतील. उमरेडच्या दुकानात मात्र फळीवर वरच्या रांगेत स्ट्राँग, खालच्या रांगेत पव्वे, आणि कोपऱ्यात धूळ बसलेल्या चार 'माईल्ड' बाटल्या, असाच देखावा राहील. गिरडच्या रस्त्याने रात्री निघणारी पेटी खालच्या रांगेतून भरली जाते.